तुम्ही विचारलंत म्हणून: जुने फोटो मी कशात लावते

लग्नात, बारशात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, प्रश्न तोच. "तुम्ही ते जुने फोटो कशात लावता हो? कुठलं सॉफ्टवेअर?" मी "डिजिकॅम" म्हटलं की पुढचं वाक्यही ठरलेलं: "पण गूगल फोटोज आहे की! चेहरे आपोआप ओळखतं." ओळखतं, मान्य. एकदाच काय ते सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या लग्नात पंगतीत बसून मला जेवता येईल.

नातवंडांचे, सहलींचे फोटो फोनमध्येच राहू द्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्याकडे आहेत ते गिरगावच्या चाळीतले. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा माळ्यावरची ट्रंक माझ्याकडे आली, कारण बाकीच्यांच्या घरात जागा नव्हती. (जागा माझ्याही घरात नव्हती.) आत प्रिंट आणि बटरपेपरच्या पाकिटात निगेटिव्ह. यातल्या निम्म्या माणसांना ओळखणारी एकच व्यक्ती उरली होती, आत्या. फोन बिचारा काय ओळखणार?

मग स्कॅन करून शनिवारी दुपारी आत्याकडे दहिसरला जायचे. ती चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावायची आणि सांगायची. "ही बेबी, तळमजल्यावरच्या जोश्यांची. हा तिचा दीर, बँकेत होता, पेटी छान वाजवायचा." मी चेहऱ्याभोवती चौकट काढायची, नाव टाइप करायचं. पावसाळाभर हे चाललं. तेव्हा वापरत होते त्या सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही, उगाच त्यांची वकिली करणारे भेटतात. दिसायला देखणं होतं, एवढं सांगते.

लॅपटॉप बदलला. फोटो सगळे नव्या मशीनवर आले, एकही हरवला नाही. नावं मात्र एकही आलं नाही. "बॅकअप नव्हता का?" हा तुमचा पुढचा प्रश्न, माहितेय मला. होता, दोन हार्ड डिस्कवर होता. पण त्या सॉफ्टवेअरने नावं फोटोत लिहिलीच नव्हती. ती त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होती आणि तो डेटाबेस फोटोंच्या फोल्डरपासून लांब, जुन्या मशीनच्या सी ड्राइव्हवर. ते मशीन तोवर फॉरमॅट होऊन दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं होतं.

आत्याला सांगायला जीभ रेटेना. शेवटी सांगितलं, तर म्हणाली, "मग पुन्हा बस की. मला कुठे जायचंय?"

पुन्हा बसलो. आणि खरी पंचाईत इथे झाली, जी कुणाला सांगायला गेलं की लोक घड्याळ बघतात. गॅलरीतल्या हळदीकुंकवाचा एक फोटो आहे. कठड्याशी उभी असलेली तरुण बाई, डाव्या हातात करंडा, उजव्या हाताने समोरचीला कुंकू लावतेय. पहिल्या वेळी आत्या क्षणभरही न थांबता म्हणाली होती, "शकू." हे मला पक्कं आठवतं, कारण त्यानंतर तिने शकूच्या सासूची अख्खी कथा ऐकवली होती. या वेळी फोटो बघून म्हणाली, "ही कोण गं?" मी म्हटलं, "शकू ना?" तर माझ्यावरच उखडली. "शकू कशी असेल? शकू डावखुरी होती. ही बघ, उजव्या हाताने लावतेय."

मी हा फोटो निगेटिव्हवरून स्कॅन केला होता. निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं उलटतं, म्हणून आधी तेच तपासलं. पण पदर सगळ्या बायकांच्या डाव्याच खांद्यावर होता, म्हणजे स्कॅन सुलट. आत्या विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत राहिली. घरी येताना लोकलमध्ये डोक्यात आलं, की त्या काळात डावखुऱ्या बाईलाही कुंकू डाव्या हाताने कोण लावू देणार होतं? पुढच्या शनिवारी हे तिला सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "तेही खरंच. पण नाक शकूचं नाही." पुढे ती कधी हो म्हणायची, कधी नाही. आता ती नाही.

सॉफ्टवेअरला विचारून पाहिलं. डिजिकॅममध्येही चेहरे ओळखण्याची सोय आहे, त्याने "शकू" सुचवलं. क्षणभर बरं वाटलं. पण त्याला शकू दाखवली कुणी? मीच, आत्याने ओळखलेल्या बाकीच्या फोटोंवरून. म्हणजे ही साक्षही आमच्याच घरातली.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी सॉफ्टवेअर निवडताना एकच बघते, की मी लिहिलेलं फोटोच्या फाइलमध्ये जातं की नाही. त्यासाठी एक्सएमपी नावाची पद्धत आहे, अडोबीने २००१ मध्ये आणली आणि २०१२ मध्ये तिचं आयएसओ मानक झालं. तिच्यात देवनागरी नीट बसते. डिजिकॅम फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि नाव, कॅप्शन, चेहऱ्याची चौकट यातलं काय काय फाइलमध्ये लिहायचं ते सेटिंगमध्ये मेटाडेटाच्या, म्हणजे फोटोसोबत लिहिलेल्या माहितीच्या, पानावर ठरवता येतं. अडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्येही बदल आपोआप एक्सएमपीत लिहिण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. पिकासा हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर गूगलने २०१६ मध्ये बंद केलं, सॉफ्टवेअर आज आहे ते उद्या असेलच असं नाही. आणि मेहनतीने नावं लिहिलेला फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवलात तर आतलं लिखाण गळून पडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चेहऱ्याची चौकट हेच सर्वस्व, असं पूर्वी मी प्रत्येकाला तावातावाने सांगायचे. आता तेवढी खात्री वाटत नाही. चौकटीत नाव लिहिलं की ते नाव झालं, तिथे शंकेला जागा नसते. शिवाय आपल्याकडे लग्नात बाईचं नावच बदलायचं. माहेरच्या फोटोत बेबी, सासरच्या फोटोत सुनीता, आणि यादीत दोन बायका. म्हणून मी चौकट काढते, पण खरा मजकूर कॅप्शनमध्ये लिहिते, लांबलचक. तरी यादी चाळायला, शोधायला टॅगच, म्हणजे चौकटीतली ती नावंच, लागतात, त्यामुळे कॅप्शनवर भागतं असंही म्हणवत नाही.

त्या फोटोच्या कॅप्शनमध्ये सध्या असं आहे: "आत्याने आधी शकू सांगितली, नंतर नाही म्हणाली. डावखुरेपणाचा पुरावा धरू नये. नाकाबद्दल मतभेद." चुलतभाऊ वैतागलाय. चाळीतल्या सगळ्यांसाठी त्याला छापील अल्बम काढायचाय आणि प्रत्येक फोटोखाली एकाच ओळीची जागा आहे. रोज फोन करून विचारतो, "ताई, शकू टाकू की नको?" मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.