फ्लूची लस घेतली, तरी फ्लू झालाच

गेल्या वर्षी जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपली आणि आमच्या घरात तापाची यात्रा सुरू झाली. आधी मुलगी, मग बायको, मग मी आणि शेवटी आई. आम्ही तिघं आठवड्यात उठलो. आईनं मात्र जन्मभर विड्या वळलेल्या, तंबाखूच्या धुळीत दमा जडलेला, वर साखर. तिला पाच दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पुढच्या पावसाळ्याआधी सगळ्यांनी फ्लूची लस घ्या." मला वाटायचं फ्लू म्हणजे थंडीतलं दुखणं. आपल्याकडं तो दोनदा डोकं वर काढतो, एकदा जुलै ते सप्टेंबर आणि पुन्हा जानेवारी ते मार्च, हे तेव्हा कळलं.

मे महिन्यात लस शोधायला निघालो. पारा बेचाळीसच्या वर. पहिल्या मेडिकलवाल्यानं फ्रीजमधून खोकं काढलं आणि साध्या कॅरीबॅगमध्ये टाकून हातात दिलं. बर्फाचं विचारलं तर म्हणे, "दहा मिनिटांत पोचताय की, काय होत नाही." मला या विषयातलं काही कळत नव्हतं, पण सोलापूरच्या मे महिन्यात दहा मिनिटांत स्कूटरच्या डिकीचं काय होतं हे मात्र चांगलं माहीत आहे. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "परत कर. ही लस दोन ते आठ डिग्रीत राहायला हवी. गोठूनही चालत नाही, बर्फाला थेट चिकटवू नकोस. आणि खोक्यावर वर्ष बघ." बघितलं, तर आदल्या वर्षीचं! मेडिकलवाल्याशी थोडी बाचाबाची झाली, पैसे परत मिळाले.

दुसऱ्या दुकानात नवीन माल होता, पण तिथं वेगळाच घोळ. "चारवाली पाहिजे का तीनवाली?" आता टॉवेल असता तर सांगितलं असतं, मी कारखान्यात चेकिंग-पॅकिंगलाच आहे. पुन्हा फोन. एक लस फ्लूच्या चार विषाणूंवर, दुसरी तिघांवर. चौथा विषाणू म्हणजे बी गटातला यामागाता. तो मार्च २०२० नंतर जगात कुठं सापडलेलाच नाही, त्यामुळं तीनवाली चालते. डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये पोचेपर्यंत खोकं थर्माकोलच्या डब्यात, बर्फाची पाकिटं खाली आणि मध्ये आमच्याच कारखान्यातला एक नॅपकिन.

टोचताना आईनं तोंड फिरवलं. सिरिंज भरलेलीच येते, अर्धा मिली, काम क्षणात झालं. रात्री तिचा दंड दुखला, अंग थोडं कसकसलं. लगेच सुरू, "बघ, सुईनंच फ्लू आला." या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही, हे मी तिला चारदा सांगितलं. तिनं चारदा ऐकलं नाही. मुलगी सहा वर्षांची आणि पहिलीच वेळ, म्हणून तिला चार आठवड्यांनी दुसरा डोस सांगितला होता. तो आम्ही विसरलो. शाळा, वह्या, गणवेश, या गडबडीत जून कुठं गेला कळलंच नाही.

आणि ऑगस्टमध्ये मला सणकून ताप. एकशे तीन, हाडं मोडल्यासारखी, कोरडा खोकला. घरात आई असल्यामुळं डॉक्टरांनी नाकातला नमुना तपासायला पाठवला. इन्फ्लुएंझा ए, एच३एन२, म्हणजे फ्लूच. मी तापातच तणतणलो, "मग एवढे पैसे घालून, वणवण करून टोचून काय उपयोग?"

डॉक्टर म्हणाले, "लशीतला विषाणू बाहेर फिरणाऱ्याशी जुळतो त्या वर्षी साधारण चाळीस ते साठ टक्के संरक्षण मिळतं."

"म्हणजे शंभर लोकांनी घेतली तर चाळीस ते साठ जण आजारी पडणारच?"

"तसं नाही. तुमच्या खात्यात शंभर टॉवेलमागं डॅमेज किती निघतात?"

"समजा दहा."

"मशीन दुरुस्त केल्यावर पाच निघाले, तर डॅमेज निम्म्यानं घटला. शंभरातले पन्नास टॉवेल काही खराब होत नाहीत. लशीचे पन्नास टक्के म्हणजे हेच. न घेणाऱ्या शंभरांत दहा जणांना फ्लू होणार असेल, तर घेणाऱ्यांत पाचांना. तू त्या पाचातला."

हे मात्र डोक्यात पक्कं बसलं. आमच्याकडं डॅमेज निम्म्यावर आणला तर मालक पेढे वाटतील. मशीन बदलूनही डॅमेज निघतोच म्हणून जुनंच चालवू, असं कुणी म्हणत नाही.

पण दरवर्षी हा आकडा एवढा चांगला नसतो, हेही त्यांनी लपवलं नाही. अमेरिकेत २०१४-१५ च्या मोसमात तो १९ टक्क्यांवर घसरला होता, कारण फिरणारा एच३एन२ लशीतल्यापेक्षा बदललेला निघाला. एच३एन२ समोर ही लस एच१एन१ पेक्षा कमीच पडते. आपल्याकडं मेमध्ये येणाऱ्या लशीत कोणते विषाणू घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना आदल्या सप्टेंबरातच सांगते. ऑर्डर सप्टेंबरची, माल मेमध्ये, गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये, आणि तोवर त्यानं डिझाइन बदललेलं. शिवाय टोचल्यावर दोन आठवडे संरक्षण तयार व्हायला लागतात आणि पुढं ते महिन्यागणिक उतरत जातं, म्हणून दरवर्षी नव्यानं. जूनमध्ये बायकोला सर्दी-ताप झाला होता, तोही मी लशीच्या नावावर मांडून ठेवला होता. पण तसल्या तापाचे विषाणू ढीगभर, आणि ही लस फक्त इन्फ्लुएंझाची. तपासणी केली नाही तर दोष कुणाला देणार?

माझ्या मागोमाग आईलाही ताप आला. डॉक्टरांनी त्याच दिवशी ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध सुरू केलं. पहिल्या दोन दिवसांत दिलं तर त्याचा जास्त उपयोग होतो. मी मात्र तीन रात्री तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो होतो. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा गेला नाही. चौथ्या दिवशी तिनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मागितली. तिचं लशीमुळं निभावलं, औषधामुळं, की नशिबानं, एका माणसावरून हे ठरवता येत नाही. लस घेऊनही फ्लू झालेल्यांचा आजार बऱ्याचदा सौम्य राहतो, दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते, एवढं डॉक्टर सांगतात. जानेवारीतले ते पाच दिवस पाहिल्यावर मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

परवा आईच म्हणाली, "काय रे, ती बर्फातली सुई यंदा कधी?" मेडिकलवाल्याला फोन लावला. नवीन माल अजून आलेला नाही, पुढच्या आठवड्यात विचारा म्हणाला. मुलीच्या डोसचं या वेळी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवलंय.