संध्याकाळी सहानंतर हाफ चड्डी नाही, दाजी!

दिवाळीनंतर सिंगापूरहून चार रात्रीची क्रूझ करून आलो. मी, मिसेस, ताई आणि दाजी. फोटो टाकल्यावर लोकांनी जेवण कसं होतं, जहाज हलतं का, माणशी किती पडले हे सगळं विचारलं, कपड्यांचं मात्र एकानेही विचारलं नाही, आणि आमची निम्मी भांडणं कपड्यांवरूनच झाली, त्यातली अर्धी तर सोलापुरातच, निघायच्या आधी. म्हणून लिहायलो.

मी धंद्यानं युनिफॉर्मवाला. बाहेरच्यांना सोलापूर म्हणलं की चादर आणि टॉवेल आठवतात, पण लांबलांबच्या राज्यातल्या शाळांचे युनिफॉर्म पण इथं शिवले जातात, आणि माझं पण दहा मशीनचं छोटं युनिट आहे. त्यामुळं कुणी कुठं काय घालायचं हा माझ्या पोटापाण्याचाच विषय की ओ. तरी एजंटनं पाठवलेल्या कागदावर 'तीन रात्री स्मार्ट कॅज्युअल, एक रात्र फॉर्मल' असं वाचलं तेव्हा मी पण डोकं खाजवलं.

दाजी झेडपीच्या शाळेतनं हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं सरळ, आपण पैसे भरलेत, आपण काय पण घालू. त्यांच्या जावयाचं म्हणणं त्याच्या बरोब्बर उलटं, टक्सिडो घ्याच मामा, नाहीतर आत घेत नाहीत. दोघंही चूक.

आधी टक्सिडोचं सांगतो कारण हा माझा प्रांत. साध्या काळ्या सूटमध्ये आणि त्यात फरक एवढाच की कॉलरच्या लॅपलला सॅटिन लावलेलं असतं, पँटच्या बाजूच्या शिलाईवरनं सॅटिनची पट्टी खाली जाते आणि पँटला बेल्टचे लूप नसतात. ब्रिटिश लोक त्याला डिनर जॅकेट म्हणतात, टक्सिडो हे नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कवरनं पडलंय, १८८० च्या दशकातली गोष्ट. आता सोलापुरात हा ड्रेस परत कुठं घालणार? लग्नात घातला तर बँडवाला समजून कुणीतरी गाणं सांगेल. एका रात्रीसाठी एवढा खर्च म्हणजे वेडेपणा, आणि तो करायची गरजच नसते, हे मला चार-पाच कंपन्यांचे नियम वाचत बसल्यावर कळलं.

खरं तर सगळ्या जहाजांचा मिळून असा एक नियम नाहीच. मी वाचलेल्यात सगळ्यात कडक म्हणजे क्युनार्ड कंपनी, क्वीन मेरी २ जहाजवाली. तिथं संध्याकाळी सहानंतर जहाजाचा मूडच बदलतो, आणि गाला इव्हनिंगला, म्हणजे त्यांच्या फॉर्मल रात्री, टक्सिडो किंवा टाय लावून गडद सूट. ज्याला नटायचं नाही त्यानं बफेला जावं, ठरलेल्या काही ठिकाणी बसावं, पण मेन रेस्टॉरंटमध्ये नाही. उलट नॉर्वेजियन क्रूझ कंपनीवाल्यांनी २००० सालापासून फ्रीस्टाईल म्हणून ती फॉर्मल नाईटची सक्तीच काढून टाकली. सेलिब्रिटी नावाच्या कंपनीनं २०१५ मध्ये फॉर्मल हा शब्द काढून 'इव्हनिंग चिक' केलं, म्हणजे काय ते त्यांनाच माहीत. व्हर्जिन व्हॉयेजेसवर ड्रेस कोड नाही पण एका रात्री सगळ्यांनी लाल घालायचं असतं. म्हणजे जावयानं यूट्यूबवर एका जहाजाचा व्हिडिओ बघून दुसऱ्या जहाजाची खरेदी करायला लावली असती. आपल्या तिकिटावर जे नाव आहे त्याचंच पान उघडून वाचायचं, बाकी कुणाचं ऐकायचं नाही, माझं पण नाही.

आणि कडक क्युनार्डच्या नियमात सुद्धा नॅशनल ड्रेस चालतो असं लिहिलेलं आहे. स्कॉटलंडवाला किल्ट घालून जातो तर आपला जोधपुरी, शेरवानी, साडी का नाही जाणार. हे वाचलं आणि तिथंच विषय संपवला. युनिटवरच दाजींचा आणि माझा बंदगळा कापला, काळ्याभोर टेरिवूलचा, आत चांगलं अस्तर, कॉलरला दोन हूक. दाजी ट्रायलला आले ते पण कुरकुरतच, "उकडतंय बे हे." सोलापुरात उकडणारच. त्यांना म्हणलं जहाजात डायनिंग हॉलचा एसी असा असतो की हाच कोट बरा वाटेल. (वाटला. मिसेस स्टोल नेली नाही म्हणून माझ्यावर चिडली होती.)

सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, तिथनं विमानानं सिंगापूर. बोर्डिंगला सामानाचं स्कॅनिंग झालं आणि ताईची बॅग बाजूला. आत इस्त्री! कपडे म्हणजे इस्त्रीचेच हे ताईचं आयुष्यभराचं व्रत. पण जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळं केबिनमध्ये इस्त्री, स्टीमर, मेणबत्ती असलं काही नेऊ देत नाहीत. पावती दिली, उतरताना घ्या म्हणाले. ताईचा चेहरा असा की मंगळसूत्रच काढून घेतलंय. काही जहाजांवर इस्त्रीसकट लाँड्रीची खोली असते, आमच्या जहाजावर नव्हती, कपडे द्यायचे आणि पैसे मोजायचे. तो रेट बघून मी आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

पहिल्या रात्री काही फारसं नसतं, कारण मोठ्या बॅगा केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होते आणि हे कंपनीला पण माहिती असतं. तरी एक बरा शर्ट-पँट हातातल्या पिशवीत ठेवा.

घोळ दुसऱ्या रात्री झाला. पेनांगमध्ये फिरून घामाघूम होऊन आलो, दाजींनी आंघोळ केली आणि थेट हाफ चड्डी, टी-शर्ट, रबरी स्लीपर. मी म्हणलं दाजी पँट घाला. "गप बे, जेवायला चाललोय, पाहणीला नाही." दारात हेड वेटर उभा, फिलिपिनो पोरगा, इतका गोड बोलला की पहिल्यांदा कळलंच नाही तो नाही म्हणतोय. सर, तुम्हाला वरच्या मजल्यावरचा बफे फार आवडेल, असं तीनदा म्हणाला. चौथ्यांदा दाजींच्या लक्षात आलं आणि पारा चढला. आमच्या मागं लाईन, समोर दाजी हेडमास्तरच्या आवाजात, मराठीत, "मी पैसे भरलेत!"

कंपनीचं नाव सांगत नाही कारण चूक आमची होती. एक तक्रार मात्र आहे, त्याच दारातनं आमच्या पुढं एक गोरा माणूस साधारण तसल्याच चड्डीत आत गेला होता आणि ते दाजींनी बघितलं होतं. पोराला दिसला नसेल, किंवा दिसला असेल. नियम लावायचा तर सगळ्यांना लावा, नाहीतर पाटी काढा. हे मी दुसऱ्या दिवशी खालच्या काऊंटरला जाऊन शांतपणे सांगितलं पण, त्यांनी लिहून घेतलं, पुढं काय झालं देव जाणे.

पण त्या रात्री बफेत बसल्यावर मी दाजींना सोडलं नाही. म्हणलं, दाजी, टाय नाही, बेल्ट नाही, म्हणून तुम्ही किती पोरं प्रार्थनेतनं बाहेर काढली? त्यांच्या बापानं पण फी भरलेलीच होती. दाजी म्हणाले, ती शाळा होती. म्हणलं बरं, आपल्या गड्ड्याच्या जत्रेचं सांगा. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, तुम्ही स्वतः पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत चालता, उद्या कुणी बर्मुड्यावर नंदीध्वजाला हात लावायला आला तर तुम्हीच त्याला पहिलं धराल का नाही? बाराबंदीचे बंद बांधायला दहा मिनिटं लागतात, कधी कुरकुरला का? यावर दाजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ते देवाचं आहे. हे बिर्याणीचं आहे." आणि बिर्याणी खाल्ली. या मुद्द्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही, खरं सांगतो.

तिसऱ्या दिवशी फुकेत, आणि त्या संध्याकाळी दाजी काही न बोलता पँट-शर्टात तयार. पायात कोल्हापुरी. मी धास्तावलो होतो पण वेटरनं खाली बघून हसून आत सोडलं. म्हणजे रबरी स्लीपर नाही, कोल्हापुरी चालते, निदान त्या दारात तरी चालली.

फॉर्मल नाईट शक्यतो जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी ठेवतात, बाहेर फिरून दमून आलेला माणूस नटणार कधी म्हणून. आमची चौथ्या रात्री होती. दुपारी ताईनं इरकल बाहेर काढली, टोपपदराची, आणि बॅगेत चुरगळून तिचा पार पापड झालेला. दोन रात्री घडी करून गादीखाली ठेवली असती तर सरळ झाली असती, पण सुचलं आता. मग ताईला आजी आठवली. आमची आजी तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडानं कपडे इस्त्री करायची. ताई कुठंही गेली तरी स्टीलचा तांब्या बरोबर असतोच, तो घेऊन ती बफेच्या चहाच्या काऊंटरवर गेली, कडकडीत पाणी भरून नॅपकिनमध्ये धरून लिफ्टनं खाली, आणि पलंगावर साडी पसरून तांब्या फिरवला. निऱ्यांचा भाग झाला, पदराला येईपर्यंत पाणी कोमट. परत वर. असं चार वेळा. चौथ्यांदा तिथल्या पोरानं विचारलं मॅडम रूममध्ये चहा पाठवू का.

रात्री जिन्यावर फोटोवाले उभे होते, आम्ही चौघांनी काढला. दुसऱ्या दिवशी भाव बघून मी फोटो परत रॅकवर ठेवला, दाजींनी तो उचलला आणि पैसे भरले. बंदगळ्याचा वरचा हूक जेवणानंतर काढावा लागला, माझ्या मापात अर्धा इंच कमी पडला होता हे मान्य. पण दाजी तोपर्यंत शेजारच्या टेबलावरच्या एका सिंगापूरच्या तमिळ म्हाताऱ्याला, जो पांढऱ्या वेष्टीत, म्हणजे त्यांच्या लुंगीत, आला होता, बाराबंदी म्हणजे काय ते इंग्लिशमध्ये समजावत होते, बंद हवेत बांधून दाखवत.

उतरताना पावती घेऊन लाईनीत उभं राहिलो. टेबलावर इस्त्र्यांची रांग लावलेली, दहा-बारा तरी असतील, मधे दोन एक्स्टेन्शन बोर्ड. ताईनं आपली ओळखली, वायर नीट गुंडाळलीय का बघितली आणि बॅगेत तांब्याच्या शेजारी ठेवली.