बाई, आम्हालाच येत नाही, मग अभ्यास कसा घेऊ?

‘बाई, आम्ही दोघं सातवीच्या पुढं गेलो नाही. पोराचा अभ्यास कसा घ्यायचा?’ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी म्हणून हा प्रश्न मला पालकसभेनंतर, एसटीत, भाजी घेताना, कुठंही विचारला जातो. तालुक्याच्या गावच्या, पदवी झालेल्या आयाही तेच विचारतात. फक्त त्या म्हणतात, ‘कोणता क्लास लावू?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: अभ्यास घेऊ नका. शिकवायचा पगार मला मिळतो. घरी बघायचं ते एवढंच, की पोराला काय येतंय आणि ते कुठं अडतंय. तेवढ्याला सातवी पुष्कळ झाली.

वाचनापासून बघा. दुसरी-तिसरीतलं मूल धडा घडाघडा म्हणून दाखवतं आणि घरच्यांना वाटतं, वाचायला आलं. पुष्कळदा वाचता येत नसतंच, वर्गात रोज ऐकून धडा पाठ झालेला असतो. ओळीच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि म्हणा, हा वाच. पाठ असलेलं मूल ओळीच्या सुरुवातीला जातं आणि पुटपुटत पुटपुटत त्या शब्दापाशी येतं. खरं वाचणारं तिथल्या तिथं वाचतं. मग पुस्तकाबाहेरचं काहीतरी द्या. घरात आलेली लग्नपत्रिका सगळ्यात चांगली: ‘ज्येष्ठ चिरंजीव’, ‘निमंत्रक’, ‘स्नेहभोजन’, जोडाक्षरांची नुसती रास. अडलं तर लगेच सांगू नका. मनात दहा मोजा. हे दहा आकडे मोजणं आयांना फार जड जातं, बापांना त्याहून.

‘प्रथम’ संस्थेची माणसं २००५ पासून ‘असर’ पाहणीसाठी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन असंच बघतात. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना ती गोष्ट वाचता आली नाही. ही मुलं रोज शाळेत जाणारी, वरच्या वर्गात गेलेली. कित्येकांच्या घरी ‘छान चाललंय’ असंच वाटत असणार.

आता गणित. ४२ वजा १७, मुलानं उत्तर लिहिलं ३५. घरात हे दिसलं की धपाटा बसतो, ‘लक्ष कुठंय तुझं?’ लक्ष तिथंच असतं हो. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन घालवले आणि चारातून एक. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा त्याचा पक्का नियम झालाय, आणि तो नियम तो इमानेइतबारे पाळतोय. हाच पोरगा दुकानात पन्नासची नोट देऊन सतरा रुपयांचं सामान घेतो, तेव्हा तेहतीस रुपये मोजून परत आणतो. म्हणजे डोक्यात वजाबाकी आहे, कागदावर गाडी अडलीय. धपाट्यानं ती सुटत नाही. ‘कसं केलंस ते मला सांग’ म्हणा आणि ऐका. तुम्हाला हातच्याची वजाबाकी येत नसेल तर उलट बरंच, तुम्हाला समजेपर्यंत त्याला सांगावं लागेल. मग शाळेत येऊन मला एवढंच सांगा, ‘बाई, हा दरवेळी वरचा-खालचा आकडा बघत नाही, मोठ्यातून लहान काढतो.’ तीस पोरांच्या वर्गात हे एक वाक्य माझा आठवडा वाचवतं.

त्याऐवजी पालक विचारतात, ‘कसा आहे आमचा?’ त्यावर आम्ही शिक्षक म्हणतो, ‘चांगला आहे, थोडी मस्ती करतो.’ दोघंही खूश. प्रगतिपुस्तकातल्या अ-२, ब-१ वरही भागवू नका, श्रेणीवरून मूल नेमकं कुठं अडलंय ते कळत नाही. ‘कशात अडतोय ते वहीत दाखवा’ म्हणा. शिक्षकाला जरा अडचणीचं होतं, होऊ दे.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र हजेरी, आणि तीच ऐकायला कुणाला आवडत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं मी बोलत नाही, त्यांच्यापुढं पोटाचा प्रश्न आहे. मी बोलतेय आठवडी बाजाराच्या दिवशी घरी ठेवलेल्या पोरांबद्दल, मामाच्या हळदीला चार दिवस आधी नेलेल्या पोरांबद्दल, आणि धाकट्याला सांभाळायला थांबवलेल्या मुलींबद्दल. थांबवतात ती मुलगीच, मुलाला कधी कुणी थांबवलेलं मी पाहिलं नाही. ज्या दिवशी हातचा शिकवला त्या दिवशी मूल बाजारात असेल, तर पुढचा महिनाभर ते वर्गात बसूनही बाहेरच असतं.

आणि शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात असं सांगितलं. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत ठराव घरपोच जातो आणि सही होऊन परत येतो. सदस्य असाल तर बैठकीला या. पंखा, संडास, पाणी हे विषय निघतातच. ‘तिसरीतल्या किती पोरांना गोष्ट वाचता येते?’ हेही एकदा विचारा. तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं आणि साधा हिशेब यावा, असं सरकारच्याच ‘निपुण भारत’ कार्यक्रमात म्हटलंय, तेव्हा विचारायला लाजू नका.

राहिला क्लास. पहिली-दुसरीतल्या पोरांना क्लासला घालू नका, शाळेतून दमून आलेलं पोर तिथं तेच पुन्हा उतरवून काढतं. त्या पैशात ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक लावा आणि उरलेल्या वेळात त्याला खेळू द्या. पाचवीनंतर पुन्हा विचारा, तेव्हा वही घेऊन या, बघू.