८ ऑगस्टची सुट्टी

संपूर्ण जर्मनीत केवळ एका शहराला मिळणारी सार्वजनिक सुट्टी आहे, आणि ती आमच्या आउग्सबुर्गची आहे. ८ ऑगस्टला येथील दुकाने व कार्यालये बंद असतात. शेजारच्या गावात मात्र सारे व्यवहार नेहमीसारखे चालू असतात, त्यामुळे बरेच आउग्सबुर्गकर त्या दिवशी शेजारी खरेदीला जातात. या सुट्टीचे नाव आहे शांतता-उत्सव. पहिल्या वर्षी मला वाटले, एखादे युद्ध संपल्याचा हा दिवस असेल. वस्तुस्थिती अशी की १६२९ साली याच तारखेला येथील प्रोटेस्टंटांच्या उपासनेवर बंदी आली होती, युरोपातले तीस वर्षांचे धर्मयुद्ध संपवणाऱ्या वेस्टफालियाच्या तहाने १६४८ साली त्यांचे हक्क परत मिळाले, आणि १६५० साली त्यांनी आनंदोत्सवासाठी मुद्दाम अपमानाचीच तारीख निवडली. साहजिकच कॅथलिक शेजारी पुढे कित्येक पिढ्या या उत्सवापासून दूर राहिले.

मी मूळचा नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळीतला; पत्नी वसईची, कॅथलिक. आम्ही येथे राहायला आलो तेव्हा पत्त्याच्या नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना होता, आणि त्यात ‘ख्रिस्ती’ एवढे लिहून भागत नव्हते. रोमन कॅथलिक की इव्हान्जेलिश (म्हणजे येथले प्रोटेस्टंट), हे सांगावे लागते, कारण त्यावरून चर्चकर ठरतो. बव्हेरिया या आमच्या राज्यात तो आयकराच्या ८ टक्के असतो आणि सरकार तो पगारातूनच कापून ज्या-त्या चर्चला पोचवते. पत्नीचे उत्तर तयार होते. मी थोडा अडखळलो आणि अखेरीस इव्हान्जेलिश झालो. एकाच घरातले दोघे एकाच ख्रिस्ताच्या नावाने कराच्या दोन खात्यांत गेलो.

पण हे शहरच दोन रकान्यांचे आहे. १५३० साली येथेच पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांचा, म्हणजे पहिल्या प्रोटेस्टंटांचा, विश्वास-जाहीरनामा वाचला गेला. तो ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याने लिहिला होता. ल्यूथर स्वतः साम्राज्यातून बहिष्कृत असल्याने कोबुर्गच्या किल्ल्यात बसून होता. १५५५ साली येथेच झालेल्या तहाने प्रत्येक संस्थानिकाला आपल्या प्रदेशाचा पंथ ठरवण्याचा अधिकार दिला आणि ज्या प्रजाजनाला तो पंथ मान्य नसेल त्याला घरदार विकून निघून जाण्याची मुभा दिली. ज्याचे राज्य त्याचा पंथ, असा त्याचा सरळ अर्थ. आउग्सबुर्ग मात्र कोणा राजाचे नव्हते, थेट सम्राटाच्या छत्राखालचे होते, आणि दोन्ही पंथांचे लोक एकाच भिंतीच्या आत राहत होते. त्यांचे भांडण साध्या दिनदर्शिकेवरूनही पेटत असे. पोप ग्रेगरीची सुधारित दिनदर्शिका नगरसभेने १५८३ साली लागू केली, तेव्हा प्रोटेस्टंटांना त्यात पोपचा हुकूम दिसला, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या एका पाळकाला हद्दपार करण्याचा प्रयत्न होताच शहरात दंगा उसळला. दहा दिवसांच्या फरकासाठी!

यावर १६४८ साली निघालेला तोडगा मला फार विचार करण्याजोगा वाटतो. कोणाचा सिद्धांत बरोबर, या प्रश्नाला हातच न लावता शहरातल्या पदांची वाटणी करण्यात आली. नगरप्रमुख दोन, एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट. काही पदांची संख्या विषम होती, तेथे एका वर्षी एका बाजूचा एक माणूस जास्त, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूचा. आपल्याकडे भाऊ वेगळे निघताना अंगणातल्या आंब्याचीही फांदीवार वाटणी करतात, तसाच हा प्रकार. एकोपा म्हणजे मने जुळणे, असे आपण सहज म्हणतो. येथे मात्र मने न जुळताही हिशेब चोख ठेवल्यामुळे लोक एका गल्लीत राहू शकले. त्या वाटणीच्या खुणा अजूनही दिसतात. माक्सिमिलियान रस्त्याच्या टोकाला संत उलरिख यांच्या नावाची दोन चर्च एकमेकांना खेटून उभी आहेत: पुढे छोटे प्रोटेस्टंट, त्याच्या पाठीशी उंच कॅथलिक बॅसिलिका. याकोब फुगर हा कट्टर कॅथलिक सावकार संत आना चर्चमध्ये चिरनिद्रा घेत आहे, आणि ते चर्च आज ल्यूथरपंथीयांचे आहे. त्याने १५२१ साली गरिबांसाठी वसवलेल्या फुगराईत मात्र अजूनही वर्षाला ८८ सेंट भाड्याने घर मिळण्यासाठी कॅथलिक असावे लागते.

हे सारे वाचताना मला हसू येई, ते आमच्याच घराकडे पाहून. पत्नीचे पूर्वज कॅथलिक झाले, कारण १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली; हे तर अक्षरशः ज्याचे राज्य त्याचा पंथ. माझे पूर्वज काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाचे झाले, कारण नगरला अमेरिकन मराठी मिशन होते. तेच कुटुंब नागपूरला किंवा जालन्याला असते तर स्कॉटिश मिशनमुळे प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे झाले असते. मिशनांनी आपापले प्रदेश वाटून घेतले होते, आणि ज्या वादांवरून युरोपात रक्त सांडले, त्यांतला एकही वाद आमच्या पणजोबांनी घातलेला नव्हता. तरीही भाषा वेगळी झाली ती झालीच. आम्ही उपासनेला जातो, ती मिस्साला. येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी एकच, पण आमचे प्रभुभोजन, त्यांचा ख्रिस्तप्रसाद. आमचे पाळक, त्यांचे फादर.

म्हणूनच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात जे घडले त्याचे महत्त्व मला आउग्सबुर्गला आल्यावर जास्त कळले. त्या दिवशी अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स अशा परंपरांची सहा चर्च विसर्जित होऊन आमचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे एक चर्च झाले. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि केवळ प्रौढांचाच मानणारे एका छताखाली आले व दोन्ही रीती चालू ठेवल्या गेल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाजूला झाले, हेही खरे. तरी बिशपांची परंपरा सोडायला तयार नसलेले आणि बिशप हे पदच नको असलेले लोक एका घटनेवर सही करतात, हे युरोपीय मित्रांना सांगितले की ते चकित होतात.

येथे एवढे झालेले नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी संत आना चर्चमध्ये कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन संघ यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. माणूस आपल्या कर्मांनी नव्हे, तर देवाच्या कृपेने, विश्वासाद्वारे नीतिमान ठरतो, या मूळ भांडणाच्या मुद्द्यावर पायाभूत एकमत असल्याचे त्यात म्हटले आहे; पुढे मेथडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड चर्चही त्यात सामील झाली. ज्या वादावरून घर फुटले तो वाद मिटला, पण चूल अजून वेगळीच आहे. मिश्र विवाहातील प्रोटेस्टंट जोडीदाराला काही प्रसंगी ख्रिस्तप्रसाद घेता यावा, अशा आशयाचे मार्गदर्शन जर्मन कॅथलिक बिशपांनी २०१८ साली तयार केले, तेव्हा त्यांच्यातल्याच काहींनी रोमकडे धाव घेतली. अखेर ते प्रसिद्ध झाले, पण निर्णय ज्या-त्या बिशपावर राहिला.

आता ८ ऑगस्टला नगरभवनासमोरच्या चौकात लांबच लांब टेबले मांडतात, आणि कोणीही घरून डबा आणून कोणाच्याही शेजारी बसतो. आम्ही दरवर्षी जातो. डब्यात काय आहे आणि आणणारा कोणत्या रकान्यातला, हे कोणी विचारत नाही. रविवारी बॅसिलिकेत मात्र ख्रिस्तप्रसादाची रांग लागली की पत्नी उठते आणि मी बाकावर थांबतो. पुढच्या छोट्या चर्चमध्ये सर्वांना आमंत्रण असते, तर तेथे ती थांबते.

आमच्या मुलीचा बाप्तिस्मा वसईत झाला, म्हणून शाळेत धर्माच्या तासाला ती कॅथलिक मुलांच्या वर्गात बसते आणि तिची शेजारीण त्याच वेळी दुसऱ्या खोलीत जाते. येत्या वसंतात तिला पहिला ख्रिस्तप्रसाद मिळेल. जे घेत नाहीत त्यांनी रांगेत येऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवावेत, म्हणजे फादर नुसता आशीर्वाद देतात, असे तिला वर्गात सांगितले आहे. सध्या रोज संध्याकाळी ती मला स्वयंपाकघरात उभे करून उजवा हात वर की डावा, याची तालीम देत असते.