आमची वाटचाल: आधी खुराडं, मग पिल्लं

पिल्लांसाठी फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खुराडं बांधून झालंय का?" नसेल तर आम्ही नोंदणी घेत नाही. यामुळे काही गिऱ्हाइकं परत जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही हा नियम मोडत नाही, कारण तो आमच्या पहिल्याच तुकडीने शिकवला आहे.

सुरुवात घरापुरती होती. मुलीला कोंबड्या हव्या होत्या आणि आम्हाला घरची अंडी. एक दिवसाची 25 पिल्लं आणली, पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं आणि वर एक बल्ब टांगला. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकायला लागले आणि त्यात दोन पांगळी झाली. चौथ्या रात्री बल्ब गेला. सकाळी झाकण काढलं तर सगळी पिल्लं ऊब शोधत एका कोपऱ्यात एकावर एक चढलेली. खालची अकरा गुदमरून गेली होती. एखादं तरी हलेल म्हणून मुलीने एकेक पिल्लू तळहातावर घेऊन बघितलं.

उरलेली वाढली, पण खोकं त्यांना महिन्याभरातच पुरेना आणि खुराड्याचा तर पत्ताच नव्हता. घाईत उभ्या केलेल्या आडोशात मांजर शिरलं. शिवाय नर-मादी न निवडता आणलेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात, हा हिशेबही आम्ही केलेला नव्हता.

पुढची तुकडी आम्ही सहा महिने थांबून, सगळी तयारी करून घेतली. ती नीट जगल्यावर ओळखीचे लोक विचारू लागले. चार-सहा कोंबड्या पाळायची हौस अनेकांना असते, पण पहिल्या काही आठवड्यांची धास्ती वाटते. आमच्या व्यवसायाची वाट तिथे सापडली. आम्ही एक दिवसाची पिल्लं विकत नाही. सहा आठवडे सांभाळतो आणि अंगभर पिसं येऊन बल्बची गरज संपली की मगच देतो.

पिल्लू अंड्यातून बाहेर पडण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणून तर त्याला दूरवर नेता येतं. पण आल्या आल्या त्याला आधी पाणी लागतं. प्रत्येकाची चोच आम्ही एकदा कोमट पाण्यात बुडवतो. एकाने घोट घेऊन मान वर केली की बाकीची बघून शिकतात. पहिले काही दिवस शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद झाली आहे का, हे रोज पाहावं लागतं. झाली असेल तर ओल्या कापसाने हळूहळू भिजवून काढायची. ओढली तर कातडी सोलते.

पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस ऊब आणि मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी, हे गणित आम्ही पाळतो. पण तापमापीपेक्षा माझा विश्वास पिल्लांवर जास्त आहे. बल्बखाली गोळा होऊन कर्कश ओरडत असतील तर थंडी वाजते. चोच उघडी टाकून कडेला पळाली असतील तर उकडतंय, आणि सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर कुठून तरी वारा शिरतोय. सगळीकडे विखुरलेली, काही टिपताहेत, काही मान लांब करून आडवी पडलेली, म्हणजे सगळं ठीक. अशी गाढ झोपलेली पिल्लं बघून नवखा माणूस हमखास घाबरतो, मेली म्हणून.

आता आमच्या ब्रूडरला, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायच्या जागेला, कोपरा नाही, गोल कडं आहे. खाली तुसाची गादी आणि वर नेहमी दोन बल्ब. एक गेला तरी दुसरा चालू राहतो.

सासूबाईंना या बल्बांचं फारसं कौतुक नाही. त्यांनी हयातभर खुडूक कोंबडी रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसवली. 21 दिवसांनी पिल्लं निघाली की पुढचं सगळं कोंबडीच बघायची. ज्यांना मोजक्याच कोंबड्या पाळायच्या आहेत, त्यांनी पुढच्या पिढीसाठी हीच रीत धरावी, असं आम्हीही आता सांगतो.

रोगाचं म्हणाल तर लसीचं वेळापत्रक पशुवैद्यकाकडून घेतो आणि ते चुकवत नाही. रक्ती हगवणीचा फटका मात्र एकदा बसला. पाण्याचं भांडं झिरपत होतं आणि खालचा तूस ओला राहिला होता. तेव्हापासून भांडी विटांवर असतात आणि ओला तूस त्याच दिवशी बाहेर जातो.

खुराड्यासाठी आम्ही घरी कोंबड्या पाळणाऱ्यांना आत दर कोंबडीमागे चार चौरस फूट आणि बाहेर दहा धरायला सांगतो. जाळी अर्ध्या इंचाची, जाड तारेची घ्यावी. पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. अंडी साधारण पाच-सहा महिन्यांनी सुरू होतात. तोवर अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, घालू नये, कारण त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. आणि अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हेही दर वेळी सांगावं लागतं.

परवा एका कुटुंबाने खुराड्याचा फोटो पाठवला. दाराखाली दोन बोटं जातील एवढी फट दिसत होती. ती बुजवून त्यांनी रात्री दुसरा फोटो पाठवला, तेव्हा मुलीने त्यांची सहा पिल्लं वहीत लिहिली.