पूर्वेचा वारा आणि मामा

झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की कुणाला सांगायचीही सोय नाही. जेनला सांगितलं तर ती हसणार, आईला सांगितलं तर ती गाडी तब्येतीवर नेणार, आणि तो विषय आज नको.

परवा रात्रीपासून वारा पूर्वेचा होता, वरून पाऊस. सप्टेंबर-ऑक्टोबरात यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर असं हवामान झालं की इथल्या पक्षीवेड्यांना घरात बसवत नाही, कारण रात्री समुद्र ओलांडायला निघालेले छोटे पक्षी पावसात सापडले की पहिली जमीन दिसेल तिथे उतरतात. म्हणून मी स्पर्नला गेले. एकीकडे समुद्र, दुसरीकडे हंबर नदीचं मुख, मध्ये साधारण साडेपाच किलोमीटरची वाळूची चिंचोळी पट्टी, तीपण २०१३ च्या डिसेंबरात समुद्राने मधोमध फोडलेली, त्यामुळे मोठ्या भरतीला पुढच्या टोकाचं बेटच होतं. झाडं मोजकीच, म्हणून जे उतरेल ते त्याच झुडपांत शोधायचं.

तिथल्याच किल्नसी गावात एका सिकॅमोरच्या झाडाखाली पक्षीवेड्यांचा घोळका उभा, सगळे माना वर करून गप्प. मीही उभी राहिले. मान पार अवघडली तेव्हा कुठे दिसला, रेड ब्रेस्टेड फ्लायकॅचर! नावातली लाल छाती वगैरे काही नाही, याच वर्षीचं पिल्लू, इथे या दिवसांत येणारे बहुतेक तसलेच असतात. काळे डाग पडलेल्या पानांत एक मातकट, जेमतेम दहा ग्रॅमचा जीव, डोळ्याभोवती फिकट कडं. खाली झेप घेतली, काहीतरी टिपलं, दुसऱ्याच फांदीवर जाऊन बसला आणि शेपटी झटकन वर. तेव्हा शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंचा पांढरा रंग दिसला आणि खात्री पटली. फोटोपण बरा आला, तो मी घरच्या ग्रुपवर टाकला.

मामाचा रिप्लाय: "अगं हा तर आपल्याकडे शेवग्यावर रोज असतो, त्यासाठी एवढी तडफड?"

खाली लगेच सगळ्यांचे हसरे चेहरे.

आता यात झोप उडण्यासारखं काय आहे? मामा चुकीचं बोलला का, तर नाही. युरोपातले बहुतेक असले चिमुकले पक्षी थंडीत आफ्रिकेकडे जातात, हा मात्र पूर्व युरोप-रशियातून आग्नेयेला निघतो आणि थेट आपल्याकडे येतो. म्हणजे मामाला थंडीभर चहा पिता पिता फुकट, आणि मला ओल्या बुटांत, बधिर बोटांनी, तेही नशीब असेल तर. मला वाटतं राग त्या फुकटचाच आहे. किंवा त्या हसऱ्या चेहऱ्यांचा. किंवा मी फोटो टाकताना मनात जे काही धरलं होतं त्याचा, पण ते जाऊ दे. एरवी मामा माझ्या कुठल्याच गोष्टीला... असो, तेपण जाऊ दे.

शेजारी उभे असलेले आजोबा म्हणाले की बिचारा चुकून इकडे आलाय. आणि भरकटलेला पक्षी नि परदेशातली मी असली तुलना मनात यायच्या आत मी स्वतःला दटावलं, मी व्हिसा काढून आलेय बाबा.

पण चुकला म्हणजे नक्की काय हे डोक्यात फिरत राहिलं. ही पिल्लं आईबापांसोबत जात नाहीत, रात्री एकेकटी उडतात, दिशा जन्मतःच डोक्यात असते. पर्डेक नावाच्या डच शास्त्रज्ञाने हजारो स्टारलिंग, आपल्या साळुंकीच्या चुलतबहिणी, हॉलंडमधून स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या होत्या, १९५८ साली त्याचा पेपर आला. मोठ्यांनी नव्या जागेवरून वाट सुधारून घेतली, पिल्लं मात्र आपली दिशा धरून भलत्याच देशात पोचली. म्हणजे आमचं हे पिल्लू, वाऱ्याने ढकललं असो की दिशाच उलटी लागली असो, निघालं असणार ते मामाकडेच. शेवग्यावरच्या त्याच्या हक्काच्या स्टॉकमधला एक मी इथे परस्पर बघून घेतला!

हे सुचल्यावर एकदम हसूच आलं, अंथरुणातूनच टाइप केलं: "यंदा तुझ्याकडे एक कमी येणार, तो माझ्याकडे आहे."

तिकडे पहाट झाली असणार, तरी मामा जागाच. "कुरिअर कर," म्हणाला. आणि मग मिनिटभराने, "पण याची छाती लाल का नाही? आमच्याकडच्यांतही बऱ्याच जणांची नसते, मी सगळ्यांना माद्या धरून चाललो होतो."

म्हणजे बघतो हा माणूस, नुसता चहा पीत नाही. आता त्याला सांगायला हवं की नर पहिल्याच वर्षी लाल होत नाही, म्हणजे त्याच्या माद्यांत बरेच पोरगे असणार. शिवाय चोचीचा खालचा भाग बुडाशी फिकट आहे का तेपण बघ म्हणावं, पूर्ण काळा निघाला तर तो याचाच जवळचा भाऊबंद, तैगा फ्लायकॅचर असू शकतो. व्हॉइस नोट सुरू केलीय, चार मिनिटं झाली आणि अजून शेपटीपर्यंत पोचलेच नाहीये.