एक कान घरात

सिनेमा बघणाऱ्याला घरात जो मान मिळतो तो गेम खेळणाऱ्याला मिळत नाही. आणि गेम खेळणारी दोन मुलांची आई असेल तर विचारायलाच नको. नवरा तीन तासांचा सिनेमा लावून बसला की तो रसिक असतो. मी त्याच्या निम्मा वेळ कंट्रोलर हातात धरला तरी येणारं-जाणारं माणूस विचारतं, "मुलं कुठायत?" मुलं बहुतेक वेळा माझ्या शेजारीच असतात, आणि मी कुठे चुकतेय ते मला मोठमोठ्याने सांगत असतात.

सिनेमे मलाही आवडतात, पण नवऱ्याचं सिनेमा बघणं म्हणजे सोवळं आहे. दिवे बंद, फोन पालथा, शेवटची नावं सरकून संपेपर्यंत जागचं हलायचं नाही आणि मध्ये थांबवायचं तर मुळीच नाही. एक सात वर्षांचा मुलगा आणि एक तेरा वर्षांची मुलगी असलेल्या घरात हे सोवळं किती टिकणार? उद्या शाळेत तक्ता न्यायचाय हे सिनेमा रंगात आल्याशिवाय कोणालाही आठवत नाही. मग तो रिमोट असा काही दाबतो, की जणू दिग्दर्शकाच्याच गळ्यावर बोट ठेवतोय.

एकदा मी त्याची समजूत काढायला गेले. म्हटलं, "अरे, सिनेमा आधीपासून तुकड्यातुकड्यांतच आहे. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. दोन हजार फुटांचं असलं तरी बावीस. मग दुसरं प्रोजेक्टर सुरू." त्याला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणाला, "हो, आणि रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा. प्रोजेक्टर चालवणारा त्याच ठिपक्याकडे डोळे लावून बसायचा, कशासाठी? सांधा आपल्याला कळू नये म्हणून." यावर मला बोलायला जागा उरली नाही. तरी मी 1895 सालचे, सिनेमाच्या अगदी आरंभीचे ल्युमिए बंधू मध्ये आणलेच. पॅरिसमधल्या त्यांच्या पहिल्या जाहीर खेळात दहा फिती होत्या, प्रत्येकी पन्नासेक सेकंदांच्या. लहान मुलांच्या आईबापांसाठी सिनेमाची याहून योग्य लांबी आजवर कोणी शोधलेली नाही. तो हसला, पण सिनेमा पुढे सुरू करण्याआधी दहा सेकंद मागे नेलाच.

माझं उलट आहे. मी ज्या छंदात वाढले त्यात थांबणं ही यंत्रातच घातलेली सोय आहे. 1976 साली जेरी लॉसन या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली फेअरचाइल्ड चॅनल एफ नावाचं यंत्र तयार झालं. त्यावर 'होल्ड'चं बटण होतं. दाबलं की खेळ जिथल्या तिथे गोठायचा. घरात खेळायचं यंत्र बनवताना हे कोणाला तरी सुचलं, कारण घरात दाराची घंटा वाजते, फोन येतो, कोणीतरी पडतं. माझ्या लेखी गेमच्या जगातला हा सगळ्यात संसारी शोध आहे. चित्रं कितीही खरी दिसू लागली तरी त्याची सर नाही.

अर्थात सगळेच गेम इतके समजूतदार नसतात. 2011 सालच्या डार्क सोल्समध्ये तुम्ही एकटे खेळत असलात तरी पॉज नाही. मेनू उघडून बसलात तरी राक्षस आपला चालत येतोच. तो गेम बनवणाऱ्यांनी ही भीती मुद्दाम ठेवली आहे हे मला समजतं, आणि एक खेळाडू म्हणून मी तिचा आदरही करते. पण तो गेम मी मुलं घरात असताना लावत नाही. ऑनलाइन गेमचं तर बोलायलाच नको. फोर्टनाइटच्या एका डावात शंभर खेळाडू असतात. "धुवायचे कपडे टाक" या माझ्या हाकेसाठी बाकीचे नव्याण्णव थांबणार नाहीत. लेक हे मला खूप वेळा समजावून सांगते, अगदी शिक्षकाच्या सुरात. कपडे तिचेच असतात ही गोष्ट वेगळी.

त्यात हेडफोनचा प्रश्न. असे गेम कानांनी खेळायचे असतात. पाऊल डावीकडे वाजलं की उजवीकडे, त्यावर जीव वाचतो. पण डावा कान मी कायम मोकळा ठेवते, कारण घरात फार वेळ शांतता पसरली तर ते गोंगाटापेक्षा वाईट. परिणाम असा, की डावीकडून येणारा प्रत्येक शत्रू माझा काळ असतो. मग मला सेटिंगमध्ये एक गोष्ट सापडली. दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात उतरवता येतो. काही गेममध्ये आवाज पडद्यावर चिन्हांच्या रूपातही दाखवता येतात, पावलं कुठून येताहेत, गोळी कुठून सुटली ते. मुळात ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी या सोयी आहेत. त्या करणाऱ्यांच्या मनात अर्धं लक्ष घरात ठेवणाऱ्या बायका नसतील, पण त्यांचं आमच्यावर मोठंच उपकाराचं ओझं आहे.

लोकांना वाटतं, अडचण तासांची आहे. एवढे तास कुठून काढायचे? मला तसं वाटत नाही. तास निघतात. अर्धा इकडे, पाऊण तिकडे, कोणाचा तरी वर्ग सुटेपर्यंतचा. अडचण आहे ती परत आत शिरण्याची. मोठा गेम पन्नास तासांचा असतो. तो अर्ध्या अर्ध्या तासाने खेळायचा म्हटलं तर शंभर बैठका झाल्या, आणि त्या काही ओळीने रोज मिळत नाहीत. मध्ये परीक्षा येतात, ताप येतो, पाहुणे येतात. तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू केलं की माझा नायक एका डोंगरावर उभा असतो आणि तो तिथे का गेला हे त्यालाही ठाऊक नसतं नि मलाही. वार चुकवायचं बटण कुठलं? मी दाबते आणि तो घोड्याला शीळ घालतो. पहिली दहा मिनिटं अशी निघून जातात, आणि हाताला पुन्हा सगळं आठवायला लागतं तोवर तक्ता लागतो. अर्धवट सिनेमाचंही हेच होतं, फक्त तिथे निदान शेजारी बसलेल्याला विचारता येतं की हा मिशीवाला चांगला की वाईट.

मुलं झोपल्यावर खेळा, हा सल्ला देणाऱ्यांनी मुलांना सकाळी उठवून पाहिलेलं नसतं.

नवऱ्याला या बाजूला ओढायचा एकच प्रयत्न सफळ झाला, तोही वळसा घालून. 2021 साली इट टेक्स टू नावाचा गेम आला. तो एकट्याने खेळताच येत नाही. दोन माणसं लागतात, पडद्याचे दोन भाग, आणि एकाने खिळा मारल्याशिवाय दुसऱ्याला त्यावर लोंबकळून पलीकडे जाता येत नाही. त्याचा दिग्दर्शक योसेफ फारेस आधी सिनेमे करायचा, एवढं कळल्यावर नवरा सरसावून बसला. सिनेमावाला माणूस आहे म्हणजे बघायला हरकत नाही! गोष्ट आहे घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आलेल्या जोडप्याची. ती दोघं बाहुल्या होतात आणि पुन्हा माणसं व्हायचं तर त्यांना एकमेकांच्या मदतीशिवाय गत्यंतर नसतं.

गोष्ट त्याला पटली, कंट्रोलर पटला नाही. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्या अंगठ्याने बघायचं, हे ज्याला लहानपणापासून सवयीचं आहे त्याला त्यात काही अवघड आहे हेच कळत नाही. नवऱ्याची बाहुली बराच वेळ आभाळाकडे बघत भिंतीत चालत राहिली. मी "उडी मार, आता, आता!" म्हणत होते, तो "मारतोय ना!" म्हणत होता आणि कड्यावरून खाली जात होता. पडद्यावरच्या जोडप्याचं जमायला लागलं होतं, आमचं मात्र त्या उड्यांवरून बिनसत चाललं होतं. शेवटी लेकीने त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला. तो मागे टेकून बसला आणि त्या क्षणापासून त्याला गेम मनापासून आवडायला लागला. आता तो आमचा प्रेक्षक आहे. कोडं कुठे अडलं ते त्याला आमच्या आधी दिसतं. दृश्याची चौकट कशी लावली आहे, प्रकाश कुठून पडलाय यावर तो बोलतो. आम्हा मायलेकींना तेवढ्यात खाली पडायला होतं.

धाकट्याला अजून मोठ्यांचे गेम मिळत नाहीत. त्याच्या वयाचे आहेत ते मी आधी खेळून पाहते, आणि हे काम मी फार मन लावून करते. तो हल्ली बोलावलं की माझंच वाक्य मला ऐकवतो, "एवढं सेव्ह होऊ दे, मग येतो." नवऱ्याला ही थाप वाटते. मला माहीत आहे की ती नेहमी थाप नसते. मधेच बंद केलं तर त्याची पाऊण तासाची मेहनत खरंच जाऊ शकते. म्हणून मी वाद घालत नाही. जाऊन फक्त पडद्याच्या कोपऱ्याकडे बघते. तिथे सेव्हचं चिन्ह नुकतंच गोल फिरून गेलेलं असतं.

"झालंय सेव्ह. ऊठ."

तो उठतो. बाबांना बोलवायला पाठवायला हवं होतं, असं काहीतरी पुटपुटत.